बिनकामाची मुंबई

पनवेलचा माणूस मुंबईला उगीच जात नसे. दुखणे असावे लागे, नाहीतर लग्न, नाहीतर मयत. कोर्टाची तारीख असली तर उत्तमच, आणि यातले काहीच नसेल तर निदान दुकानात भरायला माल तरी. यातले एकही कारण नसताना जो मुंबईच्या वाटेला लागेल तो एक तर घरातून पळून चालला आहे किंवा त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे गावाचे साधे मत होते. आणि आपल्या मतांचा फेरविचार करायची गावाला सवय नव्हती.

दयाराम सुताराचे मुंबईशी नाते दुखण्याचे. दुखणे त्याचे नव्हे, लोकांचे. स्वतः तो धडधाकट गडी, बैलगाडीची चाके करणे हा त्याचा पिढीजात धंदा. पनवेलच्या चाकांचे नाव तेव्हा घाटावरही होते. गाडीवान घाट उतरून ती न्यायला येत. तापलेली लोखंडी धाव लाकडी चाकावर चढवून वर पाणी ओतताना दयाराम जो चेहरा करी तो पाहून पोरेटोरे लांब उभी राहत. पण त्याचा हा धंदा लोक हळूहळू विसरले. त्याचे असे झाले की, बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारचा एक म्हातारा माडावरून पडला. त्याला घेऊन दयाराम मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेला, आणि केसपेपर कुठल्या खिडकीवर मिळतो, कुठल्या वॉर्डबॉयला ‘मामा’ म्हटले की खाट लवकर मिळते, नातेवाइकांना पाठ टेकायला मागच्या गल्लीत धर्मशाळा कशी आहे, एवढे शिकून परत आला. शिकला ते शिकला, वर गावभर सांगत सुटला. तिथेच घात झाला.

त्यानंतर पनवेलात कुणाचे पोट दुखो की कुणाला कावीळ होवो, दयारामला बोलावणे यायचे. “दयाराम, तुला तिथलं सगळं माहीत आहे, जरा बरोबर चल.” ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडात कधी बसलाच नाही. हातातला रंधा खाली ठेवायचा, टोपी घालायची आणि निघायचे. लोक त्याला दयाराम दवाखाने म्हणू लागले. एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर तर तसेच लिहून आले. त्याची बायको भामा त्या दिवशी दोन घटका कुणाशी बोलली नाही. दयारामने मात्र पत्रिका देवापुढे ठेवली, कारण त्या लग्नातल्या नवरदेवाला कावीळ झाली असताना त्यानेच नेले होते.

इतक्या खेपा करूनही त्याने मुंबई पाहिली होती असे म्हणण्याची सोय नव्हती. ठाण्यावरून जायचे, ट्रामने इस्पितळाच्या दारात उतरायचे, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायचे आणि पेशंट बरा झाला तर पेशंटला, नाही झाला तर रडणाऱ्या नातेवाइकांना घेऊन परत यायचे. आळीतली पोरे विचारत, “दयारामकाका, मुंबईत काय काय आहे?”

“जिना आहे,” दयाराम आठवून सांगे. “मोठा. आणि वर गेलं की डाव्या हाताला एक्सरे.”

चौपन्न सालची दिवाळी झाली आणि कुणाच्या तरी हर्नियाची पोचवणी करून दयाराम परत आला तो थेट जमाल मुकादमाच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसला. जमालचे दोरखंड आणि सुतळीचे दुकान मच्छीबाजाराच्या तोंडाशी होते. दोरखंड रोज थोडेच लागते, म्हणून तिथे गप्पांना वेळ भरपूर. तिसरा दाजी टिपणीस, कचेरीत कारकून. हा मनुष्य पान खायचे झाले तरी आधी ठराव मांडी, मग अनुमोदक शोधी.

“एकदा मला मुंबईला जायचंय,” दयाराम म्हणाला. “आजारी माणूस न घेता.”

जमालने सुतळीचा गुंडा खाली ठेवला. “कशाला पण?”

“कशालाच नाही. नुसतं. दुमजली बशीत वर जाऊन बसायचं. इराण्याकडे चहा प्यायचा. समुद्राकाठी जायचं आणि बसून राहायचं. कुणी नंबर पुकारला तरी उठायचं नाही.”

हे तो अगदी कळवळून बोलला. मग दाजीचा हात वर गेला. “मी ठराव मांडतो. दोन दिवस, एक मुक्काम. तिघे मित्र. हेतू, काही नाही.”

“क्या बात है!” जमालने अनुमोदन दिले.

पुढचा पंधरवडा रोज संध्याकाळी त्या फळीवर मुंबईचा बेत शिजत राहिला. दाजीने नियम केले. कुणाचे काम घ्यायचे नाही. नातेवाइकांकडे जायचे नाही. देवळाचे आणि दर्ग्याचे बाहेरूनच दर्शन. इस्पितळाच्या रस्त्याने ट्राम जात असेल तर दयारामने डोळे मिटून घ्यायचे. ठाण्यावरून न जाता मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने जायचे, कारण सहल म्हटली की पाणी पाहिजे. दाजीला नाटक बघायचे होते. जमालला घोड्यांची शर्यत बघायची होती, पैसे न लावता, हे तो अल्लाची शपथ घेऊन सांगे, आणि म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नसे. दयारामचे एकच, मला बसू द्या.

समोरच्या ओट्यावर गुणाबाई भोईर सुकी मासळी घेऊन बसायची. गावाबाहेरच्या आगरी वस्तीतली विधवा बाई, माहेर जासईचे. तिचा मुलगा बळीराम मिठाची गाडी हाकायचा, आणि त्या गाडीची चाके दयारामनेच केलेली. बोंबलावरच्या माश्या वारता वारता ती तिघांचे बोलणे ऐके आणि मध्येच प्रश्न टाकी.

“दयाराम, ती दोन मजल्यांची मोटार, वरून पडत नाय का रं?”

“नाही पडत, मावशी.”

“आन तू जातोस त्या दवाखान्यावरून दर्या जवल हाय का लांब?”

“मला काय ठाऊक? मी कधी दर्यावर गेलोय?”

“जाऊन ये बाला,” गुणाबाई म्हणायची आणि पुन्हा माश्या वारू लागायची. हिला मुंबईच्या दर्याची एवढी पंचाईत कशाला, असा विचार कुणाच्या मनात आला नाही. बोंबील विकणारीच्या बोलण्याचा विचार कोण करतो!

बेत फळीवर होता तोवर सोपा होता. तो घरी नेल्यावर खरी गंमत सुरू झाली.

दयारामने जेवताना भामाला सांगितले. तिचा आमटी वाढणारा हात तिथेच थांबला. “कोण आजारी आहे?”

“कुणी नाही. नुसताच चाललोय. मजा करायला.”

भामाने पळी खाली ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग पळी पुन्हा उचलली. आणि हळूच म्हणाली, “तिथे बायकाही जातात का हो, नुसत्या मजा करायला?”

“जात असतील,” दयाराम म्हणाला आणि आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर भामाला रडू फुटले. नवऱ्याला काहीतरी मोठा रोग झाला आहे आणि तो आपल्यापासून लपवतो आहे, एवढा अर्थ तिने लावला होता, आणि तो लावण्यात तिची काही चूक नव्हती. संध्याकाळपर्यंत पनवेलने त्यात क्षयापासून पोटातल्या गाठीपर्यंत हवा तो रोग भरला. लोक मोसंबी घेऊन समाचाराला येऊ लागले. “ज्याने सगळ्या गावाला इस्पितळात नेलं, त्याच्यावरच ही पाळी यावी!” असे म्हणून ते सुस्कारे टाकत. चल, या वेळी मी तुझ्याबरोबर येतो, असे मात्र एकाच्याही तोंडून निघाले नाही. दयारामने मोसंबी खाल्ली आणि दर वेळी सांगितले, “अहो, मी ठणठणीत आहे.” त्यावर लोक एकमेकांकडे पाहून मान हलवीत. शेवटच्या दिवसांत माणूस असेच म्हणतो.

दाजीची अडचण निराळी. रजा मागताना हेडक्लार्कने कारण विचारले. दाजी म्हणाला, “सहल.” हेडक्लार्क म्हणाला, “सहल हे कारण होत नाही, दुसरं सांगा.” नियमांचा भोक्ता दाजी नियमापुढे नमला आणि गिरगावातले आपले मामा अत्यवस्थ आहेत असे त्याने सांगून टाकले. हेडक्लार्कची सासुरवाडी नेमकी मामांच्या शेजारी. दोन दिवसांत मामांकडे माणसे समाचाराला जाऊ लागली, आणि मामांचा निरोप आला की मी जिवंत आहे, ते डोळ्यांनी पाहायला ताबडतोब ये. मामा ठणठणीत होते आणि त्याबद्दल भयंकर संतापले होते.

जमालच्या घरी जमिलाने कंबरेवर हात ठेवून विचारले, “मुंबईला जाऊन माझ्या बहिणीच्या दारात जाणार नाही? आसिया काय म्हणेल? तौबा! लोक थुंकतील माझ्या तोंडावर.” आणि तिने सांदणांचा मोठा डबा भरायला घेतला. जमालने दुसऱ्या दिवशी फळीवर कबूल केले, “उभ्या उभ्या डबा देईन. आत पाय टाकणार नाही.”

“मीही मामांना उंबऱ्यातूनच दिसून येईन,” दाजी म्हणाला.

म्हणजे नियम राहिला तो एकट्या दयारामपुरता. तो त्याने जिवापाड सांभाळला. कुणी लोणच्याची बरणी पोचवायला आणली, कुणी चष्म्याची दांडी बदलून आणायला सांगितले, कुणी उपवर भाचीची पत्रिका पुढे केली. दयारामने जन्मात पहिल्यांदा ‘नाही’ म्हणायची सवय केली. एकेक ‘नाही’ म्हटल्यावर त्याला घाम येई, पण आतून हलके वाटे.

आदल्या दिवशी सगळे ठरले, आणि दाजीच्या बायकोचा, कमळाबाईचा निरोप दुकानावर आला. तिघांनी मिळून कसे निघता? तीन तिगाडा, काम बिगाडा.

तिघेही सटपटले. इतके नियम केले आणि हा मूळचा नियम कुणाच्या ध्यानात आला नव्हता! जमाल म्हणाला, “आमच्यात हे काही नसतं.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण लाँचचं काम आहे. कशाला उगीच?” तिघे निघायचे झाले की चौथा म्हणून खिशात एक खडा टाकायचा, हा उपाय सगळ्यांना ठाऊक होता, पण दाजीच्या मते खडा आठवड्याच्या बाजारापुरता चालतो, खाडी ओलांडायची तर चौथा माणूसच लागतो. म्हणून ते चौथा शोधायला निघाले. न्हाव्याला विचारले, पानवाल्याला विचारले, गिरणीवाल्याला विचारले. जो तो आधी विचारी, “काम काय आहे?” काही नाही म्हटले की तो संशयाने मागे सरे. फुकटची मुंबई घ्यायला सगळ्या पनवेलात कुणी तयार होईना.

हिरमुसले होऊन तिघे फळीवर परत येऊन बसले. तेवढ्यात समोरच्या ओट्यावर गुणाबाईने छातीला हात लावला.

“आयायायाय!”

दयाराम उठून उभा राहिला. सवयच ती.

“काय झालं, मावशी?”

“कळ येते रं. इथं. कवाची येते.” ती डोळे मिटून म्हणाली. “बळीराम बोलला व्हता, दुकला खुपला तं ममईला दाखवू. तुमी तं चाललाच हाव. मना न्या. तुमचा तिगाडा बी जाईल.”

दाजीचा चेहरा उजळला. चौथा मिळाला होता, आणि तोही कारणासकट. जमालने हुश्श केले. मावशी, दोनच दिवस कळ दाबून ठेव, मी परत आलो की खास तुझ्यासाठी खेप करीन, हे सगळे दयारामच्या ओठांवर आले होते. पंधरवडाभर घोटलेला ‘नाही’ही तयार होता. पण तोंडातून बाहेर पडले ते भलतेच.

“कधीपासून दुखतंय?” दयारामने विचारले, आणि विचारताक्षणी त्याला कळले की आपली मुंबई गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मंडळी निघाली. निरोप द्यायला स्टँडवर बरीच माणसे होती. दोन आजारी एकदम चालले आहेत असा त्यांचा समज होता. बळीराम आईला म्हणाला, “जपून ग आय,” आणि दयारामला म्हणाला, “तू हाईस म्हनून सोडतो.” भामाने भाकऱ्यांची चवड दयारामच्या हातात दिली आणि पदर तोंडाला लावला.

जासई जवळ आली तशी गुणाबाई खिडकीकडे सरकली. “त्या टेकाडावर आमी पोरी रातच्या चढायचो,” ती म्हणाली. “पल्याड ममईचे दिवे दिसायचे. माजी आय म्हनायची, तिथं रोज दिवाळी असते.” दयारामने हूं केले. तो मनातल्या मनात केसपेपरच्या रांगेचा हिशेब करत होता. इतके आजारी पाहिलेल्या माणसाच्या एव्हाना लक्षात यायला हवे होते की, ही बाई मोऱ्याला दोन केळी खाते, लाँचमध्ये सगळ्यांच्या पुढे जाऊन बसते आणि तोंडावर पाणी उडाले की हसते. छातीत कळ येणारी बाई असे करत नाही. पण दयाराम स्वतःची कीव करण्यात इतका गढला होता की, त्याला समुद्रही नीट दिसला नाही.

भाऊच्या धक्क्यावर उतरताच दाजी म्हणाला, “मामांना दिसून येतो.” जमाल म्हणाला, “डबा देऊन येतो.” संध्याकाळी गिरगावातल्या लॉजवर भेटायचे ठरले. ते दोघे जे गेले ते दुसऱ्या दिवशी परतीच्या लाँचलाच दिसले. मामांनी दाजीला दिवसभर बरोबर हिंडवून ओळखीच्या प्रत्येक घरी नेले आणि आपण मेलो नाही हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले. जमालला आसियाने आत घेतले, जेवू घातले आणि घरातल्या सगळ्या बाजल्यांचे सुंभ नव्याने विणून घेतले, भावजी दोरीवाले आहेत म्हणून.

दयाराम गुणाबाईला घेऊन ट्रामने इस्पितळाच्या दारात उतरला. तेच फाटक, तीच खिडकी. पाय आपोआप रांगेत जाऊन उभे राहिले. रांग खिडकीपाशी आली तशी गुणाबाईने त्याची बाही ओढली.

“दयाराम, फिर मागं.”

“मावशी, आता दोनच माणसं आहेत पुढे. नंबर जाईल.”

“जाव दे. मना काय बी झाला नाय.”

“मग ती कळ?” दयारामने विचारले.

“मना ममई बघायची हाय,” गुणाबाई म्हणाली. “बळीरामाला किती येला बोलले. बोलतो, ममईला काय हाय? दुकला खुपला तं नेतो. मंग मी वाट बघत बसले दुकायची. इतकी वरसं झाली, मेला दुकतच नाय! सगल्यांना दुकते, तू सगल्यांना आनतोस. मना साधा ताप बी नाय येत. तुमी तिगं तिथं बसून बोलायचाव, मी ऐकायची. मंग बोलले, आता दुकला पायजे.”

मागच्या माणसाने ढकलले, “पुढे व्हा की!” दयारामला आधी संताप आला. काल दुपारपासून आपण उगीच सुतक पाळले, याचा संताप. मग त्याने या बाईच्या तोंडाकडे पाहिले. पकडल्या गेलेल्या पोराने पाहावे तसे ती त्याच्याकडे पाहत होती. आणि त्याला हसू आले. इतके आले की केसपेपरच्या खिडकीतला कारकून डोके बाहेर काढून पाहू लागला. त्या रांगेत कुणी हसल्याची त्याला सवय नव्हती.

“मावशी,” दयाराम डोळे पुसत म्हणाला, “चल, वरच्या मजल्यावर बसू. बशीच्या.”

मग त्यांनी मुंबई पाहिली. दुमजली बसमध्ये वर, अगदी पुढच्या बाकावर बसून ते शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तिथे काहीच काम नसल्याने तसेच परत आले. कंडक्टरने विचारले, “उतरायचं कुठे?” दयाराम ऐटीत म्हणाला, “कुठेच नाही.” इराण्याच्या आरशात गुणाबाईने स्वतःला एकदम चार ठिकाणी पाहिले आणि चौघींनाही पदर सारखा करायला सांगितले. राणीच्या बागेत हत्ती पाहून ती म्हणाली, हा आमच्या मिठाच्या गाडीला जुंपला तर चाक टिकेल का? दयारामने धंद्याच्या माणसासारखा गंभीरपणे विचार केला आणि सांगितले, आरे टिकतील, मधला तुंबा फुटेल. चौपाटीवर ते वाळूत बसले. नुसते बसले. मागे कुठेतरी फेरीवाला ओरडला तेव्हा दयाराम दचकून अर्धा उठला, आपला नंबर पुकारला असे वाटून, आणि मग लाजून पुन्हा खाली बसला. आपल्याला काय हवे होते ते मिळाले, हे त्याला तिथे कळले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याचे खापर त्याने वाळूवर फोडले.

दिवेलागणीला गुणाबाईने हट्ट धरला की ज्या बाजूने जासई दिसेल तिथे ने. विचारत विचारत ते अपोलो बंदरावर गेले. मागे ओळीने दिवे लागले होते, तेच टेकडीवरून दिसणारे दिवे. गुणाबाईने त्यांच्याकडे पाहिले, हात लावून एक खांबही पाहिला. मग पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. पलीकडे काळोख होता. फार तर एखाददुसरा ठिपका, तोही होडीचा असावा.

“आमी तिथं असतो?”

“तिथेच कुठेतरी.”

“दिसत नाय.”

“नाही दिसत, मावशी.”

“आमी रोज बघायचो रं यांना,” गुणाबाई म्हणाली. “आन यांना आमी दिसत पन नाय.” ती रागावलेली नव्हती. बोंबलाचा भाव उतरला हे सांगावे तसे तिने ते सांगितले, आणि दयारामला मात्र ते फार लागले.

लॉजवर मित्र नव्हते, म्हणून झोपायला ते शेवटी इस्पितळामागच्या धर्मशाळेतच गेले. चौकीदाराने दयारामला ओळखले. “या, दवाखाने! पेशंट कुठे आहे?” धर्मशाळा आजाऱ्यांसाठी आहे हे ध्यानात येताच गुणाबाईने तत्परतेने छातीला हात लावला. चौकीदाराने तिला पंख्याखालची जागा दिली.

परतीच्या लाँचमध्ये चौघे एकत्र आले. मामांनी पिळलेला दाजी आणि बोटांना सुंभाचे घट्टे पडलेला जमाल, दोघांनीही खालच्या आवाजात विचारले, “मावशीचं काय निघालं?” दयाराम म्हणाला, “वेळेवर नेलं.”

पनवेलच्या स्टँडवर अख्खी आळी जमली होती. दयाराम स्वतःच्या पायांनी उतरला हे पाहून काही लोक जरा निराशच झाले, मोसंबी फुकट गेली. बळीराम पुढे आला. “आय, डाक्टर काय बोलला?”

गुणाबाईने पदर सावरला. “डाक्टर बोलला, भिन्याचा कारन नाय. पन दुकना जुना हाय. दर साली ममईला आनून दाखवायचा.”

“दर साली?”

सगळ्यांची नजर दयारामकडे वळली. या बाबतीत अख्ख्या पनवेलात त्याच्या शब्दाला आव्हान नव्हते. “हयगय करून चालणार नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. बळीरामने मान डोलावली.

गुणाबाई दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसली आणि शेजारच्या मासळीवाल्यांना हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. ते ऐकायला भाजीवाल्या आल्या. पाणी भरायला निघालेल्या आळीतल्या बायकाही घागरी टेकून थांबल्या. त्या दिवशी बाजारात हसण्याचा आवाज जरा जास्त होता. आठवडा गेला नाही तोच पनवेलातल्या बायकांच्या छातीत कळा येऊ लागल्या. मासळीबाजारात साथ पहिल्यांदा पसरली, मग भाजीबाजारात, मग थेट टिपणीसांच्या स्वयंपाकघरात कमळाबाईला गाठले. गावच्या डॉक्टरने नाडी पाहिली, छाती ठोकली, त्याला काही सापडेना. पुरुषांना मोठी काळजी पडली. ते दयारामच्या कामठ्यावर, चाके करायच्या मांडवात, येऊन सल्ला विचारू लागले, आणि दयाराम रंधा मारता मारता एकच सांगे, “मुंबईलाच न्यावं लागेल. लाँचने.”

या थट्टेत त्याला भारी मजा येत होती. एका सकाळी तो ओसरीवर चहा पीत होता आणि कुणाच्या बायकोला कशी कळ आली ते भामाला रंगवून सांगत होता. हत्ती, इराण्याचा आरसा, बंदरावरचे दिवे, सगळे पुन्हा एकदा सांगून झाले. भामा चुलीपुढे बसून ऐकत होती. फुंकणी बाजूला ठेवून तिने छातीला हात लावला.

“अहो, मलाही इथे जरा दुखतंय.”

दयाराम हसला. हसता हसता त्याने तिच्याकडे पाहिले, आणि कपातला चहा तसाच राहिला. अर्ध्या गावाला त्याने मुंबईला नेले होते. पंधरवडाभर बेत केले, चौथ्या माणसासाठी न्हाव्याला विचारले, पानवाल्याला विचारले.

“कधीपासून दुखतंय?” त्याने विचारले.

“लग्न झाल्यापासून,” भामा म्हणाली.

कप खाली ठेवून दयारामने टोपी घातली आणि मोऱ्याच्या गाडीची वेळ विचारायला स्टँडकडे निघाला. दोघांनाच जायचे होते, तिगाड्याची भीती नव्हती. वाटेत जमालने दुकानातून हाक मारली, “काय दयाराम, आज कोण आजारी?”

“आमच्या घरात,” दयाराम म्हणाला.

“अरे! काय होतंय?”

“जुनं दुखणं आहे,” दयाराम म्हणाला. “माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.”